बाईंचा किनारा

पहिल्याच भेटीत बाईंनी मला डोळे मिटायला लावले.

दादरच्या त्यांच्या संस्थेत मी सर्व्हरच्या कामासाठी गेलो होतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि चेहऱ्यावर 'आता तुमचे प्रश्न सुटलेच' असा भाव. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात धुवून यायला सांगितलं, आणि एक जाड कागद माझ्यापुढे सरकवला.

"मिटा डोळे. बोट फिरवा आणि काय आहे ते सांगा."

मी बोट फिरवलं. रव्यावरून हात फिरवल्यासारखं वाटलं. "टिंबं आहेत," मी म्हणालो.

"ते मलाही माहीत आहे. कसली?"

"ब्रेल?"

"महाराष्ट्र आहे. तुम्ही आत्ता रत्नागिरीवरून थेट नागपूरला उडी मारलीत. उघडा डोळे."

डोळे उघडले तर समोर पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच टिंबांचा महाराष्ट्र होता. उजेडाकडे तिरपा धरला की दिसायचा, सरळ धरला की नाहीसा व्हायचा. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला वाचवायचंय. कसं ते तुम्ही बघा, पण आधी काय वाचवायचं ते कळायला हवं ना?"

ही संस्था अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापते. छापखाना म्हणजे एक लांबट खोली आणि त्यात जाड कागदावर टिंबं ठोकणारं जुनं, दणकट यंत्र. त्याला सगळे 'ठोक्या' म्हणत. ठोक्याला काय ठोकायचं ते सांगणारा संगणक शेजारच्या खोलीत असे. कपाटाएवढा होता तो. कुठल्याशा कंपनीने नवीन घेतला तेव्हा जुना संस्थेला देऊन टाकला होता. बाईंनी त्यावर तीसेक वर्षांपूर्वी ब्रेलचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्या निवृत्त झाल्या, पण त्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. रोज सकाळी गिरगावातून बसने यायच्या आणि आपल्या खुर्चीवर बसायच्या. त्यांना थांबा म्हणायची छाती कुणाची नव्हती, आणि खरं तर कुणाला तसं म्हणायचंही नव्हतं.

त्या कपाटाला बाई 'जावई' म्हणत. कारण सरळ होतं. सगळ्या इमारतीत पंखे, आणि एसी फक्त त्याच्या खोलीत. त्याला धूळ चालायची नाही, दमट हवा सोसायची नाही, जरा विजेचं कमीजास्त झालं की रुसून बसायचा आणि मग सगळ्यांनी त्याची मनधरणी करायची. "जावईबापूंचं पोट बिघडलंय," असं बाई म्हणाल्या की त्या दिवशी छपाई बंद, हे शिपायापासून कार्यवाहांपर्यंत सगळ्यांना कळायचं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर म्हणत, "एक जावई सांभाळलाय जन्मभर, पुरे झाला तेवढा."

मी गेलो तेव्हा जावई कायमचा बंद पडला होता. त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. त्यातच इमारत पुनर्विकासाला गेलेली, एसीची ती खोली रिकामी करायची होती. अक्षरांची पुस्तकं नव्या साध्या प्रोग्रॅमवर उत्तम निघत होती, त्यामुळे संस्थेचं तसं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते बाईंच्या नकाशांचं.

नकाशे चित्र म्हणून ठेवलेलेच नव्हते. जावयाची स्मरणशक्ती इतकी बेताची की अख्खं चित्र त्यात मावलंच नसतं. म्हणून बाईंनी प्रत्येक नकाशाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. इथून सुरू कर, इतकं खाली जा, आत वळ, बाहेर ये, अशा शेकडो आज्ञा त्या एकाच यंत्राच्या भाषेत. ते यंत्र गेलं की नकाशेही गेले. छापलेले जुने कागद होते, पण पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी बोटं फिरवून ते गुळगुळीत झालेले. कोल्हापूर तर पार पुसलं गेलं होतं.

कार्यवाह भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भूगोलाचं नवं पुस्तक बांधणीला जायचंय. शाळा सुरू व्हायच्या आत मुलांच्या हातात पडायला हवं. नकाशे झाले तर आनंदच. नाही झाले तर पुस्तक नकाशांशिवाय जाईल, आणि एकदा तसं गेलं की पुढे कायम तसंच जाईल. तशी परीक्षेत या मुलांना नकाशाचा प्रश्न माफच असतो."

ते हळू बोलत होते, पण बाईंचे कान तिखट. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "माफी गुन्ह्याला असते. पोरांनी काय गुन्हा केलाय?"

तो शब्द त्यांना अजिबात सहन व्हायचा नाही. फी माफ, तिकीट माफ, सगळं चालायचं, पण नकाशा माफ म्हटलं की बाई चवताळायच्या. त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका शाळेत पुस्तकं द्यायला गेल्या असताना एका मुलीने त्यांना विचारलं होतं की कोकण खाली आणि घाट वर, तर मग समुद्र कोकणाच्याही खाली पसरलेला असतो का, तळघरासारखा? बाईंना हसू आलं नाही. घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून ते दातेरी चाक मागून आणलं, ज्याने कापडावर शिवणीच्या खुणा करतात. शाळेच्या नकाशाच्या पाठीवर उमटलेल्या रेघांवरून ते दाबून फिरवलं, कागद सुलटा केला, आणि स्वतः डोळे मिटून वाचायला बसल्या. तिथून सुरुवात झाली.

तेव्हापासून डोळे मिटून वाचायची त्यांना इतकी सवय लागली की बसमध्येही मांडीवर नकाशा घेऊन, डोळे मिटून बोटं फिरवत बसायच्या. बसायच्या म्हणजे, उभ्या असल्या तरी तेच चालायचं. मग कुणीतरी हळहळून त्यांना अंधांसाठी राखलेली जागा द्यायचा. बाई मनापासून आभार मानायच्या, बसायच्या, नकाशा पिशवीत टाकायच्या, आणि चष्मा लावून वर्तमानपत्र उघडायच्या. एकदा मीही सोबत होतो. जागा देणाऱ्या माणसाचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "बाई, हे बरं नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं मला दिसत नाही? त्यांनीच नीट बघितलं नाही."

माझं काम त्यांना समजावून सांगताना माझी दमछाक झाली. मी म्हटलं, नव्या सर्व्हरमध्ये एक प्रोग्रॅम बसवायचा, जो जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करेल. त्याला इम्युलेटर म्हणतात. तुमचे नकाशे त्याच्यात सोडायचे. त्यांना वाटेल, आपण जावयाच्याच पोटात आहोत.

"म्हणजे फसवायचं."

"फसवायचं म्हणजे... घर बदललंय हे त्यांना कळू द्यायचं नाही."

"करमेल त्यांना?"

मी हसलो. पण प्रश्न वाटतो तितका खुळा नव्हता. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बाबांना नव्या घरात कितीतरी दिवस झोप लागत नव्हती. खोल्या मोठ्या, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास, आणि हा माणूस कूस बदलतोय. शेवटी कळलं की त्यांना शेजारच्या खोलीतलं खोकणं आणि गिरणीतल्या मसाल्याचा ठसका यांच्याशिवाय झोप येत नव्हती. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग तो ठसकासुद्धा न्या सोबत." मला वाटलं, गंमत करतायत.

नकाशांचे प्रोग्रॅम ज्यांवर साठवले होते त्या फ्लॉप्या बाईंच्या घरी होत्या. खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात. मुंबईच्या हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, आणि तांदूळ ओल ओढून घेतो, हे त्यांचं शास्त्र. मी एका जुन्या बाजारातून फ्लॉपी वाचायचं यंत्र पैदा केलं होतं. त्यात घातलेल्या पहिल्याच फ्लॉपीतून आंबेमोहोराचा दाणा पडला. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत राहिले. पण एकही फ्लॉपी खराब निघाली नाही, हेही खरं. बाई पाठारे प्रभू, त्यामुळे घरी गेलं की काहीतरी खाल्ल्याशिवाय सुटका नसे. मात्र त्यांचा एक नियम होता. काम झालं असेल तर कोलंबीचं खरपूस भाजलेलं भानोलं, अडलं असेल तर नुसता चहा. त्या दिवशी मला भानोलं मिळालं आणि मी स्वतःला फार थोर समजलो.

नकाशे सर्व्हरवर चढले तो दिवस मला चांगला आठवतो. इम्युलेटर सुरू झाला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि बाईंनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं 'नमस्कार, बोला' तिथे आलं. कार्यवाह उभे राहिले. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पडद्याला हात लावला, आणि मग काढून घेतला.

"आवाज नाही ह्याला," त्या म्हणाल्या.

"आवाज करायला आत काही फिरतच नाही, बाई."

"आणि किती वेळ लागला सुरू व्हायला?"

"वेळ लागलाच नाही," मी ऐटीत म्हणालो. जावई जे दुपारभर करत बसायचा, ते माझा सर्व्हर चहा गार व्हायच्या आत करणार होता. मी ठोक्याला आज्ञा दिली. त्याने महाराष्ट्र एका दमात ठोकून काढला. कागद बाहेर आला. उजेडाकडे तिरपा धरला तर किनारा, नद्या, जिल्ह्यांच्या सीमा, सगळं जागच्या जागी. कार्यवाहांनी पेढे मागवलेच होते, ते वाटायला सुरुवात केली.

मग हिरा आली.

हिरा संस्थेची वाचक होती. छापलेलं प्रत्येक पान तिच्या बोटांखालून जायचं आणि मगच पुस्तकात जायचं. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. माहीमच्या कोळीवाड्यातली, बाप मासेमारीला जाणारा. बाईंनी पहिला नकाशा केला तेव्हा ती शाळेत होती, आणि तो पहिला तिनेच वाचला होता. बाईंनी मोठ्या कौतुकाने सरळसोट किनारा काढला होता. तेव्हा ती पोर म्हणाली होती, "खाड्या कुठं गेल्या? होड्या काय रस्त्यावर लावायच्या?" त्या एका वाक्यासाठी बाईंनी सगळा नकाशा पुन्हा केला. पुढे हिराला त्यांनीच संस्थेत आणलं. दोघींचं रोज भांडण व्हायचं आणि एकीशिवाय दुसरी डबा उघडायची नाही.

हिराने पेढा बाजूला ठेवला, हात पुसले आणि कागदावर बोट टेकवलं. एकदा खालून वर गेली, एकदा वरून खाली. मग थांबली, पुन्हा गेली.

"बाई, ह्यो किनारा नाय," ती म्हणाली. "ही नुसती रेघ हाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नदी पण रेघ, जिल्हा पण रेघ, किनारा पण रेघ. सगळ्या एकसारख्या. बोट कुठनं पण कुठं जातंय. जुन्यात किनारा वर उठलेला लागायचा रे. त्याला धरून चालायचं. इथं धरायला कायच नाय."

मी कागद तिरपा केला, सरळ केला, मोबाईलच्या उजेडात धरला. कार्यवाह समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "डोळ्यांना तर अगदी तसाच दिसतोय."

"डोळ्यांसाठी काढलाच नाही तो," बाई म्हणाल्या. त्या कुणावर रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. पेढ्याचा खोका त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला.

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखा आज्ञा तपासत होतो. एकही आकडा चुकलेला नव्हता. नक्कल इतकी चोख होती की त्यात चूक शोधणं म्हणजे आरशात डाग शोधण्यासारखं होतं. कार्यवाहांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा फार सौम्यपणे बोलले, आणि दोन्ही वेळा शेवटी म्हणाले की बांधणीवाला थांबायला तयार नाही. बाई संस्थेत येईनाशा झाल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि गिरगावात गेलो.

बाई स्वयंपाकघरात पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या. डोळे मिटलेले. मला 'या' म्हणाल्या नाहीत, पण पायाने दुसरा पाट पुढे सरकवला. चहासुद्धा विचारला नाही, त्यावरून काम किती अडलंय ते मला कळलं.

"जावयाला चांगला पोचवायला हवा होता," कोलंबी सोलता सोलता त्या म्हणाल्या. "आणि नकाशेही त्याच्याबरोबर जाऊ द्यायला हवे होते. उगाच धडपड केली."

"असं नका म्हणू, बाई."

"का नको? लोक मूल वाढवतात, घर बांधतात. मी तीस वर्षं टिंबं काढली. पोरांनी हात फिरवला आणि ती गुळगुळीत झाली. आता पुन्हा काढता येत नाहीत. मग राहिलं काय माझं?"

त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती. मी आपल्याला जे येतं तेच बोलायला लागलो. म्हटलं, बाई, आज्ञा सगळ्या बरोबर आहेत, मी एकेक वाचली. काही तर नुसत्या वेळकाढू आहेत. किनाऱ्याच्या प्रत्येक ओळीपाशी तुम्ही यंत्राला उगाचच एकपासून मोजायला लावलंय. मोजतं आणि काहीच करत नाही. मग पुन्हा तीच ओळ दुसऱ्यांदा पाठवतं. माझा सर्व्हर ते मोजणं आणि ती ओळ कधी उरकतो ते कळतही नाही.

बाईंचे हात थांबले.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत मी 'अहो' होतो. तिथून पुढे 'अरे' झालो.

मी पुन्हा सांगितलं. बाईंनी सोललेली कोलंबी ताटात टाकली आणि बोटाच्या पेराने पाटावर ठोकायला लागल्या. टक. थांबल्या. टक. मग पुढे सरकून पुन्हा टक, थांबल्या, टक.

"मी जन्मात कधी उगाच मोजायला लावलं नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "अरे, तो दम खायचा."

"कोण?"

"जावई. आणि त्याच्याबरोबर ठोक्या. एकदा कागद अडकला होता आणि ठोक्याने एकाच ओळीवर दोनदा मारलं. मी कागद फेकणार, तर हिरा म्हणाली, थांबा बाई, हा किनारा लागतोय हाताला. दोनदा मारल्यावर टिंब वर उठतं. म्हणून मी फक्त किनारा दोनदा पाठवायला लागले. पण ठोक्याचा हातोडा एकदा आपटला की मागे जायला त्याला वेळ लागतो. तो मागे जाईपर्यंत जावयाला थांबवायचं कसं? तर म्हटलं, बस मोजत." त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे कधी नव्हे ते सताड उघडे होते. "तुझा सर्व्हर किती वेळात मोजतो ते?"

"पापणी लवायच्या आत."

"आणि हातोडा अजून कागदावरच असतो. दुसरा ठोका पडतच नाही." त्या उठल्या. "हे मी विसरले कशी? इतकी सवयीची गोष्ट होती की लक्षात ठेवावीशीच वाटली नाही."

मी तिथेच, कोलंबीच्या सालांशेजारी लॅपटॉप उघडला. करायचं होतं ते अगदी साधं. इम्युलेटरला सांगायचं की बाबा रे, तू जितका जोरात धावू शकतोस तितका धावू नकोस. त्या म्हाताऱ्या यंत्राच्या चालीने चाल. माझ्या कंपनीत सर्व्हरचा वेग वाढवायची स्पर्धा चालायची. मी तो मुद्दाम इतका खाली आणलाय हे कळलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. बाई माझ्या खांद्यामागे उभ्या राहून पाटावर ठोकलेला तो ताल मला पुन्हापुन्हा ऐकवत होत्या. "नाही, अजून सावकाश. जेवून उठलेल्या माणसासारखा."

दुसऱ्या दिवशी संस्थेत पेढे नव्हते. कार्यवाह होते, हिरा होती, आम्ही दोघं होतो. ठोक्या सुरू झाला. नद्या आणि जिल्हे त्याने सरसर काढले, आणि किनाऱ्याची ओळ आली तसा अडखळला. टक. थांबला. टक. हिराने मान वर केली. तो आवाज तिला ओळखीचा होता. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दुपारचं जेवण लांबलं, पण कुणी हललं नाही.

कागद बाहेर आला. हिराने डहाणूपाशी बोट टेकवलं आणि खाली निघाली. "वसईची खाडी," ती पुटपुटली. "धरमतर. ही सावित्री. ही दाभोळची..." बोट कुठे उचललं गेलं नाही की चुकून नदीत शिरलं नाही. वेंगुर्ल्याच्याही खाली जाऊन ते थांबलं.

"बाई," ती म्हणाली, "वळा आता. सगळा हाय."

बाई लगेच वळल्या नाहीत. कार्यवाहांनी चष्मा काढून पुसला, मग बांधणीवाल्याला फोन लावला आणि इतक्या चढ्या आवाजात बोलले की आम्ही सगळे बघत राहिलो. संध्याकाळी मला भानोलं मिळालं, घरी न्यायला डबाही मिळाला. लालबागला बाबांनी तो अर्धा संपवला आणि विचारलं की हे कुठल्या हॉटेलातलं.

पुढे मी ती कंपनी सोडली. पण त्याआधी, शाळा सुरू झाल्यावर बाईंनी मला एक दिवस सुट्टी घ्यायला लावली होती, ते सांगायला हवं. परळच्या एका शाळेत नवी पुस्तकं पोचली होती. "तू डोळ्यांनी पाहिलंस," बाई म्हणाल्या, "आता वाचताना बघ."

वर्गात मुली नकाशावर वाकलेल्या होत्या. काहींची जीभ थोडी बाहेर आलेली, सुईत दोरा ओवताना येते तशी. हिरा एकेकीचं बोट धरून किनाऱ्यावर सोडत होती आणि मग हात काढून घेत होती. शेवटच्या बाकावरची एक मुलगी एकटीच खाली उतरत होती. बाई तिच्यापाशी गेल्या आणि तिचं बोट एका टिंबावर थांबवलं.

"ही मुंबई."

मुलीने ते टिंब चाचपलं. शेजारी काही आहे का ते बघितलं. पुन्हा चाचपलं.

"एवढीच?"

"एवढीच."

"सगळी? आमचं परळ पण, दादर पण, चौपाटी पण?"

"सगळं ह्याच टिंबात."

मुलीचा दुसरा हात आपोआप कागदावर पसरला, सह्याद्री ओलांडून पार विदर्भापर्यंत गेला, आणि कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरला. तिथे लाकडावर तो थोडा वेळ चाचपत राहिला.

"मग बाई," तिने विचारलं, "जग केवढं असेल?"

बाईंकडे भारत होता. त्याच्या पुढचं काही त्यांनी कधी काढलंच नव्हतं, कारण जावयाच्या पोटात भारताच्या पुढे जागाच नव्हती. त्या मुलीच्या केसांवरून त्यांनी एकदा हात फिरवला, आणि माझ्याकडे आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई चालताना एक गुडघा धरत होत्या.

"अरे सर्व्हरवाल्या," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे जागा किती आहे?"

"हवी तेवढी, बाई."

"मग उद्या सकाळी लवकर ये. आफ्रिकेपासून सुरुवात करू, तिला खाड्या कमी आहेत."